जांभळ्या साटीनची पँट

मालवणच्या बाजारात समोरून येणाऱ्या माणसाची पँट कुस्तोदियोने शिवली आहे की नाही, हे ओळखायला जवळ जावं लागत नसे. वारा सुटला की कळे. पोस्टमन बंदराच्या रस्त्याने सायकल मारत आला की त्याच्या दोन पायांवर दोन शिडं फुगलेली दिसत. तलाठी कचेरीच्या पायऱ्या चढताना एका हातात दप्तर धरत आणि दुसऱ्या हातात कंबर. नवरदेव लग्नाला उभा राहिला की थोरल्या भावाचा कोट मागून आणल्यासारखा वाटे, मग तो घरात एकुलता एक का असेना.

हे कोणी बोलून दाखवलं तर कुस्तोदियो रागावत नसे. उलट त्याला बोलणाऱ्याची कीव येई.

"माणूस वाढता," तो म्हणे. "आज बारीक आसा, उद्या बारीक रवात असा नाय. कपड्यान वाट बघूक व्हयी."

"अरे, माका पंचेचाळीस झाली," शेजारचा गुरुदास एकदा म्हणाला होता. "आता मी खंय वाढतलंय?"

कुस्तोदियोने तोंडातल्या टाचण्या न काढता त्याच्या पोटाकडे बोट दाखवलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत गुरुदासला ती पँट अगदी मापात बसली, आणि तेव्हापासून कुस्तोदियोच्या तत्त्वावर वाद घालणारं कोणी उरलं नाही.

गुरुदासचं दुकान भिंतीला भिंत लागून. भाड्याच्या सायकली आणि भाड्याचे कर्णे, असा त्याचा दुहेरी धंदा. शिवाय तो भजनी बुवा. पेटीवर बोट पडल्याशिवाय गाणं सुरू झालं असं तो मानतच नसे. आणि कुस्तोदियोच्या घरात त्याची बायको फ्रान्सिस्का. काजं-बटणं आणि हाताची शिलाई तिच्याकडे. ती कमी बोले. नवरा दोघांपुरतं बोलत असल्यामुळे तिला गरजही पडत नसावी.

नवऱ्याच्या बोलण्याचा विषय ठरलेला. लिगोरियो पिंटो.

तरुणपणी, एकावन्न-बावन्नच्या सुमारास, कुस्तोदियो मुंबईत धोबीतलावला एका शिंप्याकडे कामाला होता. वेटरांचे धुऊन-दुरुस्त झालेले पांढरे कोट फोर्टातल्या एका मोठ्या हॉटेलात पोचवायचं काम त्याच्याकडे असे, आणि कोट घेऊन मागच्या दाराने स्वयंपाकघरात जावं लागे. त्या हॉटेलात लिगोरियो पिंटो गिटार वाजवून गात असे. स्वयंपाकघराचं झुलतं दार वेटरच्या कुल्ल्याने उघडलं की गाणं आत येई, बंद झालं की बशा वाजत. स्टेज दाराच्या पुढ्यातच, पण पाठमोरं. त्यामुळे कुस्तोदियोला दिसली ती लिगोरियोची पाठ. सरळ, रुंद, काळ्या कोटातली, दोन खांद्यांमध्ये एकही सुरकुती नसलेली पाठ. तिच्याकडे बघत तो कोटांचं गाठोडं डोक्यावर घेऊन उभा राहिला तो आचाऱ्याने हाकलेपर्यंत.

मालवणला परत येऊन दुकान मांडलं त्या वर्षी ही गोष्ट एवढीच होती. पण गोष्टीतही कुस्तोदियोने वाढीला जागा ठेवलेली होती. दोन वर्षांनी लिगोरियोने गाताना मागे वळून पाहिलं. आणखी काही वर्षांनी त्याने मान हलवली. आणि साठ साल उलटल्यावर तर गाणं संपवून लिगोरियो स्वतः स्वयंपाकघरात आला, हात मिळवला आणि "माझो कोट कोणी शिवलो बघ तरी," असं म्हणून पाठ वळवून उभा राहिला. गिऱ्हाइकांना ही गोष्ट पूर्ण ऐकावी लागे, कारण ती सांगताना टेप त्यांच्या कमरेभोवती आवळलेली असे. फ्रान्सिस्का आतून काजं करता करता फक्त खाकरायची. मग लिगोरियो एक पाऊल मागे जाई, हात मिळवायचा राहून जाई. पण दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या वेळी पुन्हा येई.

आणि एके रविवारी मिस्सा संपल्यावर पाद्रींनी सांगितलं, की यंदा फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाच्या, दिवशी मुंबईचे नामवंत वादक श्री. लिगोरियो पिंटो इगर्जीच्या पटांगणात गायन-वादन करणार आहेत. त्यांची आई मालवणची. आयुष्यात एकदा तरी आईच्या गावात वाजवावं अशी त्यांची इच्छा आहे. पाद्रींना त्या आईचा गोड गळा आठवत होता, त्यामुळे कार्यक्रम भक्तिपर असणार असं त्यांनी आपल्याच मनाने ठरवून टाकलं. मुंबईत आता हॉटेलांना रॉक अँड रोल हवा होता आणि साठीला टेकलेल्या लिगोरियोने विजेची गिटार गळ्यात अडकवून मानेवर केस रुळणारे तीन पोरगे साथीला घेतले होते, हे त्यांना कोण सांगणार? 

कुस्तोदियोने त्या दिवशी एकही टीप मारली नाही. फ्रान्सिस्काने विचारलं, "जेवतलास ना?" तर म्हणाला, "तो माका वळाखतलो काय गो?"

"स्वयंपाकघरात येवन हात मिळवल्यान ना?" फ्रान्सिस्का म्हणाली. "मगे वळाखतलोच."

यावर कुस्तोदियो जेवायला बसला.

त्या काळी मुंबईची बोट बंदराला लागत नसे. ती लांब समुद्रात उभी राही आणि माणसं पडावात, लहान शिडाच्या होडीत, उतरवून किनाऱ्यावर आणत. फेस्ताच्या आदल्या आठवड्यात बोट आली तेव्हा कुस्तोदियो इस्त्रीचा शर्ट घालून धक्क्यावर हजर. ड्रम उतरले, गिटारीच्या पेट्या उतरल्या, केसाळ पोरगे उतरले. शेवटी एक पत्र्याची ट्रंक बोटीवरून पडावात देताना खलाशाच्या हातून सुटली, एकदा तरंगली, आणि नंतर तरंगली नाही. पडावात उभा असलेला चष्मेवाला गृहस्थ बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिला. तोच लिगोरियो.

कुस्तोदियोने त्याला पुढून पहिल्यांदाच पाहिलं. केस काळेभोर, पण कानांजवळ कलप जरा खाली उतरलेला. गुडघे धरत तो पडावातून उतरला. आणि ज्या पाठीचं कौतुक कुस्तोदियोने इतकी वर्षं गावाला ऐकवलं, तिच्या पुढच्या बाजूला एवढं मोठं पोट असेल हे त्याच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं.

"सगळे स्टेजचे कपडे गेले," लिगोरियो कोणाला उद्देशून नाही असं म्हणाला. "हंय कोण बरो टेलर आसा?"

धक्क्यावर गुरुदास कर्ण्यांची चौकशी करायला आला होता. त्याने क्षणभर विचार केला. 'बरो' हा शब्द त्याला अडत असावा. मग शेजारधर्माला जागून त्याने कुस्तोदियोला पुढे ढकललं.

माप द्यायला लिगोरियो दुकानात आला तेव्हा बाहेर माणसं जमली. टेप कमरेभोवती गेली तसं सवयीने त्याचं तोंड सुरू झालं आणि फोर्टातल्या हॉटेलाची गोष्ट बाहेर पडली. मात्र या खेपेला ती अगदी पहिल्या वर्षीची होती: गाठोडं, झुलतं दार, पाठ. एक शब्द जास्त नाही. फ्रान्सिस्काला खाकरायची पाळीच आली नाही.

लिगोरियोने ती शांतपणे ऐकली. मग म्हणाला, "त्या किचनातली कटलेटां बरी असायची."

एवढंच. कुस्तोदियोला तेही पुरलं.

शर्टाचं काही अडलं नाही. एका पोरग्याचा ढगळ मिळाला. प्रश्न पँटचा होता. लिगोरियोला ती चकचकीत हवी होती आणि तंग हवी होती. चकचकीत कापड बाजारात एकच मिळालं. दशावतारातल्या राजाच्या अंगरख्यासाठी आणलेलं जांभळं साटीन. लिगोरियोने ते खांद्यावर टाकून आरशात पाहिलं आणि पसंत केलं. तंगपणाचं मात्र जमेना.

"कितकी टाइट?" कुस्तोदियोने विचारलं.

"कातडी आसता तितकी."

"मगे बसतलास कसे?"

"बसूचा कोणाक आसा? रॉक अँड रोल कोण बसान वाजयता काय?"

"बाब, साटीन आसा ह्या. शिवणीर ताण इलो की धागे सुटतले. वायच वारो खेळाक जागा व्हयी."

"वारो मालवणात भरपूर आसा," लिगोरियो म्हणाला. "तो माझ्या पँटीत नको."

कुस्तोदियोने पहिली पँट शिवली. त्याच्या मते ती इतकी तंग होती की शिवताना त्यालाच गुदमरल्यासारखं झालं. लिगोरियोने ती घातली, दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून पंख्यासारखी पसरली आणि विचारलं, "ही पँट हा की पडाव?" कुस्तोदियोने ती उसवून पुन्हा शिवली. या वेळी लिगोरियोने खिशात हात घालून गुडघ्याला खाजवून दाखवलं. कुस्तोदियो हातात पँट घेऊन यंत्रासमोर बसून राहिला. आयुष्यभराचं तत्त्व एका बाजूला, आयुष्यभराचा माणूस दुसऱ्या बाजूला.

"तेंका फाडून घेवची आसा तर घेवंदेत," फ्रान्सिस्का म्हणाली. "तुमी सांगलास, तेनी ऐकल्यानी नाय. शिवन टाका."

त्याने शिवली. बाहेरून कातडीसारखी. पण आतल्या बाजूने, शिवणीत, कोणाला दिसणार नाही असं दोन बोटं कापड त्याने दुमडून ठेवलंच. ते कापून टाकायला कात्री उचलली होती, पण हात धजेना.

फेस्ताच्या दिवशी दुपारीच पटांगण भरलं. लांबच्या लोकांना शेवटची एसटी गाठता यावी म्हणून कार्यक्रम चार वाजता ठेवला होता. शिरोड्याहून माणसं आली, जामसंड्याहून आली. कसालच्या हायस्कुलातले सगळे शिक्षक एकाच टेम्पोत उभे राहून आले, आणि उतरल्यावर बराच वेळ ते उभेच होते, कारण बसायला जागा नव्हती. ज्यांचा इगर्जीशी कधी संबंध आला नाही असे भजनी, दशावतारी, पेटीवाले, सगळे आंब्याखाली दाटीवाटीने बसले. झावळ्यांच्या मांडवाला गुरुदासचे चार कर्णे चारी दिशांना तोंड करून बांधलेले. त्याचा जनरेटर पटांगणाच्या कोपऱ्यात, आणि तो स्वतः जनरेटरच्या शेजारी खुर्ची टाकून, ही पेटी नसलेली मैफल कशी होते ते बघायला बसलेला.

कुस्तोदियोला पुढच्या रांगेत पाद्रींच्या बाजूची खुर्ची दिली होती. फ्रान्सिस्का ठेवणीतला फ्रॉक घालून पलीकडे बसली. शर्टाच्या कॉलरमध्ये त्याने जांभळा दोरा ओवलेली सुई टोचून ठेवली आहे हे तिने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

लिगोरियो स्टेजवर आला. जांभळी पँट उन्हात अशी चमकली की पुढच्या बायकांनी डोळ्यांवर हात धरले. त्याने वाकून नमस्कार केला. कुस्तोदियोने श्वास रोखला. शिवण टिकली. मग लिगोरियोने गिटारीवर हात मारला.

तसा आवाज मालवणने तोवर ऐकला नव्हता. आंब्यावरचे कावळे एकदम उठले ते थेट किल्ल्याच्या दिशेने गेले. पाद्रींच्या हातातली जपमाळ थांबली. मागे कुणाची तरी म्हातारी छातीवर क्रुसाची खूण करून म्हणाली, "सायबा, पोरांक सांभाळ," पण उठली नाही. ड्रम कडकडत होते, कर्णे थरथरत होते, झावळ्यांतून वाळलेल्या पात्या खाली पडत होत्या, आणि त्या सगळ्याच्या मधोमध तो साठीचा माणूस कमरेत लचकत, टाचा उडवत, चष्मा घामाने घसरला तर खांद्याने वर ढकलत गात होता. त्याचे गुडघे धक्क्यावर पाहिलेल्यांना हे गुडघे तेच आहेत हे पटेना. तिसऱ्या गाण्याला कसालचे शिक्षक नाचायला लागले. ते उभे होतेच, त्यांना सोपं गेलं. चौथ्याला अर्धं पटांगण उभं राहिलं. गुरुदासची टाच जनरेटरच्या पत्र्यावर ठेका धरत होती, हे त्याचं त्याला ठाऊक नव्हतं.

आणि इतकी वर्षं या माणसाचं गाणं समोर बसून ऐकायची आस धरलेल्या कुस्तोदियोने त्यातलं काहीही ऐकलं नाही.

त्याचं सगळं लक्ष मागच्या शिवणीवर होतं. लिगोरियो वाकला की तोही खुर्चीत वाकायचा. लिगोरियोने उडी मारली की तो खुर्चीची कड धरायचा. पुढून शिवण दिसेना, म्हणून दुसऱ्या गाण्याच्या मध्यालाच तो उठला आणि पाद्रींचे पाय चुकवत, वाकत वाकत स्टेजच्या बाजूला जाऊन ड्रमच्या आडोशाला उभा राहिला. तिथून पुन्हा त्याला दिसत होती ती पाठच. "बसा, माणसां बघतत," असं फ्रान्सिस्काने खुणेने सांगितलं. माणसं त्याच्याकडे बघत नव्हती. माणसांना बघायला जांभळी पँट होती.

पाचव्या गाण्यात लिगोरियो गुडघ्यांवर बसला आणि गिटार वाजवत तसाच स्टेजच्या कडेपर्यंत घसरत गेला. पटांगण ओरडलं. त्या ओरड्यात एक बारीकसा आवाज झाला. तो दोघांनीच ऐकला, ज्याची पँट होती त्याने आणि ज्याने ती शिवली होती त्याने.

लिगोरियो सावकाश उठला. तोंडावर हसू होतं, पण ते चिकटवल्यासारखं. लोकांकडे तोंड ठेवून तो एक-एक पाऊल मागे येत ड्रमपर्यंत आला. पटांगणातल्या कोणाला वेगळं काही वाटलं नाही. मागून मात्र कुस्तोदियोला जांभळ्याच्या मधोमध पांढरं दिसलं.

"मास्तर," लिगोरियो ओठ न हलवता म्हणाला. "हंय ये."

कुस्तोदियो स्टेजवर चढला. ड्रमवाल्याने सोडावॉटरच्या बाटल्यांचं एक रिकामं खोकं पायाने पुढे सारलं. लिगोरियोच्या पाठीमागे त्या खोक्यावर कुस्तोदियो बसला आणि कॉलरमधली सुई काढली. समोरच्यांना लिगोरियोच्या दोन्ही बाजूंना एकेक कोपर तेवढं दिसत होतं.

आता नाचता येत नव्हतं, उडी मारता येत नव्हती, एक पाऊलसुद्धा टाकता येत नव्हतं. लिगोरियोने मान वळवून पोरांना थांबायची खूण केली. ड्रम बंद झाले. गिटारीचं एक बटण पिळून त्याने तिचा आवाज अगदी खाली आणला आणि खांबासारखा उभा राहून एकट्याने गायला सुरुवात केली. ते इंग्रजी गाणं नव्हतं. मुलांना निजवताना इथल्या बायका म्हणत तसलं काहीतरी होतं, होडी आणि तिची वाट बघणाऱ्या पोरीचं, चार ओळींचं. त्याची आई ते म्हणत असणार. आंब्याखालच्या म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण त्यांनाही ते येत होतं. पटांगण खाली बसलं, एवढा वेळ जागा न मिळालेले शिक्षकसुद्धा कुठे कुठे बसले.

कुस्तोदियो शिवत होता. दुमडून ठेवलेलं कापड त्याने बाहेर ओढलं, फाटकी कड त्याच्या आत घेतली आणि टाका घातला. त्याचा कान लिगोरियोच्या कमरेपासून वीतभर अंतरावर होता. आता झुलतं दार नव्हतं की बशा नव्हत्या. सूर घशात यायच्या आधी पोटात कसा भरतो ते त्याला कळत होतं. ओळ संपताना म्हाताऱ्याला दम लागतो, तो लपवायला तो तारेवर जरा जास्त वेळ बोट ठेवतो, तेही ऐकू येत होतं. गुडघे कुरकुरत होते, ते वेगळं.

एवढी शिवण घालायला कुस्तोदियोला फार वेळ लागायचं कारण नव्हतं. पण त्याच्या ध्यानात आलं, की आपण गाठ मारली की हे गाणं संपणार. म्हणून त्याने टाके बारीक घ्यायला सुरुवात केली. फ्रान्सिस्का काजांना घेते त्याहून बारीक. एक ओळ हाताने घालून झाली तर त्याने त्यावर दुसरी घातली. लिगोरियोची चार ओळींची अंगाई संपली. त्याने मान किंचित मागे केली, मागून काही खूण आली नाही, म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून धरली. या खेपेला आधीपेक्षा संथ. शब्दही बदलले, बहुधा आईचे खरे शब्द त्याला आता आठवले असावेत. बायकांच्या रांगेतून एक-दोन आवाज त्यात हळूच मिसळले. पाद्रींनी चष्मा काढून पुसला.

ऐकता ऐकता कुस्तोदियोचे डोळे भरून आले आणि त्याला टाका दिसेना. सुई कापडातून निघाली ती थेट लिगोरियोत गेली.

लिगोरियो पट्टीचा कलावंत. तो जागचा हलला नाही. पण ओळीच्या मध्येच त्याचा सूर एकाएकी वर चढला, तिथे थरथरला आणि वळसा घेऊन जागेवर आला. जनरेटरजवळ बसलेल्या गुरुदासने मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "वा बुवा, ही खरी जागा." पुढे कित्येक वर्षं भजनात तो ती जागा घ्यायचा प्रयत्न करी. त्याला ती कधी जमली नाही.

मग मात्र कुस्तोदियोने गाठ मारली. कात्री आणली नव्हती, म्हणून पुढे वाकून दोरा दाताने तोडला. लिगोरियोने शेवटचा सूर सोडला. टाळ्यांचा आवाज अंगावर आला तेव्हा कुस्तोदियो उठून उभा राहिला, आणि समोर एवढी माणसं आहेत हे त्याला पहिल्यांदा दिसलं. काय करावं न सुचून त्याने हातात सुई धरूनच वाकून नमस्कार केला. टाळ्या आणखी वाढल्या. कशासाठी ते कोणालाच माहीत नव्हतं. गिटारीची एखादी वायर सुटली असेल ती या बाबाने धरून ठेवली, असं पुढच्या रांगेचं मत पडलं.

शेवटचं गाणं पुन्हा रॉक अँड रोल झालं. लिगोरियो पहिल्यासारखा नाचला, दोन वेळा गुडघ्यांवरही बसला, आणि शिवण हलली नाही. कुस्तोदियो खाली येऊन नाचला. त्याच्या स्वतःच्या पँटीत वाऱ्याला भरपूर जागा असल्यामुळे त्याचे पाय नेमके कुठे पडतात ते कोणाला दिसलं नाही. फ्रान्सिस्काने एकदा त्याला हाताला धरून खुर्चीत बसवायचा प्रयत्न केला आणि मग त्याचा हात सोडायची ती विसरली.

दोन दिवसांनी बोट होती. कुस्तोदियो धक्क्यावर पोचवायला गेला. पडावात पाय टाकण्याआधी लिगोरियोने त्याला बाजूला घेतलं आणि इकडेतिकडे बघून म्हणाला, "मास्तर, पुढच्या येळेक वायच ढिली शिव."

कुस्तोदियोच्या तत्त्वाला एवढा मोठा माणूस शरण आल्याचं दुसरं उदाहरण नव्हतं. आणि पंचाईत अशी, की ते सांगायची सोय नव्हती. सांगावं तर का म्हणाला हे सांगावं लागणार, आणि गिऱ्हाइकाची फाटलेली पँट चव्हाट्यावर मांडायची हे कोणत्याही शिंप्याला शोभणारं नाही. ज्या माणसाने एका पाठीवर पंधरा-सोळा वर्षं काढली, त्याच्या हाती शेवटी खरीखुरी गोष्ट लागली, आणि तिला कुलूप लावून बसायची वेळ आली.

लोक मुद्दाम विचारत. "कुस्तो, तू थंय खोक्यार बसान काय करी होतंस?"

"वायर धरी होतंय," तो म्हणे आणि पायाने यंत्र जोरात चालवी.

बाजारातल्या सगळ्यांना खरं काय ते माहीत होतं. फ्रान्सिस्काने ते गुरुदासच्या बायकोला, शेवंतीला, कोणाला न सांगण्याच्या बोलीवर सांगितलं होतं, आणि शेवंतीनेही पुढे त्याच बोलीवर सांगितलं होतं. पण कुस्तोदियोसमोर वायरीखेरीज दुसरी भाषा कोणी केली नाही. उलट गुरुदास विचारी, "शॉक नाय ना लागलो तुका?" कुस्तोदियो म्हणे, "माका नाय लागलो."

त्या फेस्तानंतर गावातल्या पोरांना तंग पँटींचं वेड लागलं. ती कापड घेऊन कुस्तोदियोकडे येऊ लागली. सगळ्यांना वाटलं तो हाकलून देईल. त्याने दिलं नाही. मागतील तितकी तंग पँट तो शिवून देऊ लागला. फक्त एक अट घातली. पँट नेण्याआधी ती अंगात घालून दुकानात त्याच्यादेखत तीन उड्या मारायच्या, दोन्ही गुडघ्यांवर बसायचं आणि तसंच घसरत दारापर्यंत जायचं. शिवण राहिली तर पँट तुमची. ज्यांना लाज वाटे ती पोरं मुकाट्याने ढिली शिवून घेत. ज्यांना वाटत नसे त्यांच्यासाठी फ्रान्सिस्काने दुकानाची जमीन शेणाने सारवणं बंद करून तिथे एक जुनी गोधडी अंथरली. तलाठ्यांचा थोरला मुलगा कॉलेजला जाण्याआधी त्या गोधडीवरून घसरत दाराशी आला तेव्हा बाहेर त्याचे वडील त्यालाच शोधत उभे होते, एका हातात दप्तर आणि दुसऱ्या हातात कंबर धरून.